गालावरची सावली कुणाची?

नांदेड-लातूरकडे चित्रकलेचा नाद लागलेल्या पोराचं पहिलं पोर्ट्रेट बहुधा शिवाजी महाराजांचंच असतं. कॅलेंडरवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, ड्रॉइंग शीटवर तेवढेच पण मोठे चौकोन पाडायचे आणि एकेक घर उतरवत जायचं. पेंटर मंडळी याला सरळ ‘ग्राफ’ म्हणतात. नाक जमून जातं, ते ठसठशीतच आहे. फसतात ते डोळे. मग शेवटी एका गालावर दाट सावली घासली की चेहरा ‘उठतो’ आणि मास्तर पाठ थोपटतात.

ती सावली मुळात नव्हतीच.

कॅलेंडरच्या मागे चालत गेलं, तर वाटेत कोल्हापूरचे जी. कांबळे भेटतात. ‘मोगल-ए-आझम’ची पोस्टरं रंगवणारा हा माणूस. त्यांचं महाराजांचं चित्र शासनमान्य ठरलं आणि कचेऱ्यांच्या भिंतींवर गेलं. त्याआधी १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच ग्रंथातलं महाराजांचं चित्र मराठी लोकांसमोर आणलं होतं. तोवर महाराजांचं म्हणून भलत्याच सरदाराचं चित्र छापलं जात होतं. नक्कल करताना आपण कुणाचा चेहरा उतरवतोय, ही शंका किती जणांना आली असेल?

तो ग्रंथ फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा, १७२४ ते १७२६ दरम्यान छापलेला. त्यातलं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं. कोरणाऱ्याच्या हाती रंग नसतो, म्हणून तो रेषांच्या जाळीनं काळोख विणतो. शिवाय पत्र्यावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे उमटतं. तेव्हा कोरीव चित्रातला माणूस कुठे बघतोय, यावर फार विसंबू नये.

त्याही मागे गोवळकोंडा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये दख्खनी राजे-सरदारांच्या लघुचित्रांचा एक संच आहे, सुमारे १६८६ चा. त्या नगरीचे महापौर निकोलास विटसेन यांच्या संग्रहातला. त्यात महाराज आहेत. १६७७ साली महाराज गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या भेटीला भागानगरात गेले होते, तेव्हा तिथल्या एखाद्या चित्रकारानं त्यांना डोळ्यांनी पाहिलं असणं अशक्य नाही. आणि भागानगर म्हणजे हैदराबाद. नांदेड-लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होतं. म्हणजे शेजारच्या राजधानीत घडलेला चेहरा हॉलंड, पुणे, कोल्हापूर असा वळसा घालून नांदेडच्या वजिराबादमधल्या आणि लातूरच्या गंजगोलाईतल्या फ्रेमवाल्यांकडे पोचला.

गोवळकोंड्याच्या चिताऱ्याला एका बाजूनं येणाऱ्या उजेडाशी देणंघेणं नव्हतं. चेहरा रेषेनं बांधायचा, आणि गालाची गोलाई बारीक ठिपक्यांच्या परदाजानं सुचवायची. खिडकीतून यावा तसा उजेड, अर्धा चेहरा अंधारात, हे आपल्याकडे मुख्यतः १८५७ नंतर जे. जे. स्कूलसारख्या शाळांनी रुजवलं. पोरगं सावली घासतं, तेव्हा ते महाराजांचा गाल काढत नसतं, मुंबईच्या कलाशिक्षणाचा एक धडा गिरवत असतं. धडा वाईट नाही. पण नक्कल कशाची, ते माहीत असावं.

नक्कल कमीपणाची, असं म्हणणाऱ्यांना एकच नाव सांगतो: डच चित्रकार रेम्ब्राँ. पन्नाशीच्या आसपास, नावारूपाला आल्यावर, त्यानं मोगल लघुचित्रांवरून वीसहून जास्त रेखाटनं केली, तीही जपानी कागदावर. गंमत म्हणजे अंधार-उजेडाचा हा बादशहा तिथे बराचसा रेषेच्या मागे लागलेला दिसतो.

आता फ्लेक्समुळे हातानं रंगवलेले फलक जवळपास संपले. १९ फेब्रुवारीला चौकाचौकांत एकाच फाइलचे छाप लागतात. त्या फाइलचा ग्राफ पाडणाऱ्या पोराला चार हातांच्या चुका फुकट मिळतात. राइक्सम्युझियमचं चित्र मात्र मोबाइलवर मोठ्या आकारात उतरवून घेता येतं, पैसे पडत नाहीत. मूळ कागद वहीच्या पानाहून मोठा नाही. त्यावर चौकोन आखावेत, डोळ्याच्या घरापाशी थांबावं, आणि त्या चिताऱ्यानं वरची पापणी किती रेषांत उचललीय, ते आधी मोजावं.