देसाईगंजची ती रात्र आणि आपली लेकरं



लेकरांना जपायचं कसं, हा विषय बचत गटाच्या बैठकीत निघाला की आम्ही आधी एक जुनी हकीकत सांगतो. ती दिल्ली-मुंबईची नाही, आपल्याच वैनगंगेच्या काठची आहे.

साल १९७२, तारीख २६ मार्च. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, तो झाला १९८२ साली. आपलं चामोर्शी आणि उत्तरेकडचं देसाईगंज, म्हणजे वडसा, दोन्ही चंद्रपूर जिल्ह्यात होती. तिथे एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहायची, मजुरी करायची. आईबाप नव्हते. डॉक्टरांनी नंतर तिचं वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान सांगितलं. भावाने केलेल्या एका तक्रारीवरून त्या रात्री तिला आणि घरच्यांना पोलीस ठाण्यात बोलावलं. जबाब झाले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं.

बाहेर आल्यावर तिने सांगितलं की, ठाण्यातल्या एका शिपायाने बलात्कार केला आणि हवालदाराने अंगाला हात लावला. बाहेर थांबलेल्या माणसांनी तिच्यावर विश्वास ठेवला. लोक जमले, म्हणून तक्रार लिहून घेतली गेली.

पुढे १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायालयाला वाटलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, मग तिची संमतीच असणार, असा त्याचा अर्थ निघाला.

रात्रीची वेळ, पोलीस ठाणं आणि एक पोरकी मुलगी. ती ओरडणार कशी? हाच प्रश्न १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही त्यांची नावं. १९८० मध्ये गावोगावच्या नाही, पण अनेक शहरांतल्या बाया रस्त्यावर उतरल्या. शेवटी १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने ते धरून चालायचं, हे ठरलं. खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही ठरलं. म्हणून आम्हीही इथे तिचं नाव घेत नाही.

मुलांसाठी वेगळा कायदा यायला आणखी २९ वर्षं गेली. तो पोक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला. मुलगी असो की मुलगा, १८ वर्षांच्या आतल्या लेकराच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही. लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि लेकराच्या भरवशाचं माणूस जवळ असताना घ्यायचा. कोणत्याही कारणाने लेकराला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. हे वाचताना आम्हाला दर वेळी देसाईगंजची ती रात्र आठवते.

पण कायदा आला म्हणजे काम झालं असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, तेव्हा पालकांची तक्रार नोंदवायला उशीर झाला. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. ५२ वर्षांनंतरही ऐकून घ्यायला लोकांनाच जमावं लागलं.

म्हणून बायांनो, ऐकण्याची सुरुवात आपल्या घरातून करू या. लेकरू एखाद्या काकाजवळ, शेजाऱ्याजवळ किंवा शिकवणीला जायला नको म्हणत असेल, तर आधी रागावू नका. जवळ बसवा, विचारा. "तू तिथे गेलीसच कशाला?" हा प्रश्न विचारला की पोर कायमची गप्प होते. "बरं केलंस सांगितलंस, तुझी चूक नाही," एवढं आधी म्हणा.

शाळेत काही घडलं आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बदनामी होईल, आपसात मिटवू," तर त्यांना सांगा की गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही पोक्सोखाली गुन्हा आहे. हे आपल्यालाही लागू आहे. गावच्या बैठकीत असं प्रकरण मिटवता येत नाही.

आणि फोन. अनोळखी माणूस आता फोनमधून थेट घरात येतो. गोड बोलून फोटो मागतो, मग तोच फोटो पसरवायची धमकी देतो. भीतीने पाठवलेला फोटो म्हणजे संमती नव्हे. घरचे मारतील, फोन हिसकावतील, या धाकाने मुलं सांगत नाहीत आणि धमकी देणाऱ्याचं फावतं. असं कळलं तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका, कोणाला पुढे पाठवू नका. फोन घेऊन लेकरासोबत पोलिसांकडे जा.

१०९८ हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. १९९६ मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी तो सुरू झाला, आज देशभर चालतो. फोन करायला पैसे लागत नाहीत आणि लेकरू स्वतःही लावू शकतं.

त्या रात्री ठाण्याबाहेर उभी असलेली माणसं गरीब होती, शिकलेली नव्हती. पण त्यांनी मुलीचं ऐकलं. तिथूनच सगळं सुरू झालं. तेवढं तर आपणही करू शकतो.