गाव दोघांचं, राखण आमची

मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास लिहिणारा पहिलं वाक्य ठरलेलं लिहितो : आमच्या गावात हिंदू-मुसलमान भावासारखे राहत. पुढाऱ्यांच्या भाषणातही तेच. हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. ते दोघं भाऊ होते तेव्हा वेशीबाहेरचे आम्ही कोण होतो? ते दोघं वैरी झाले तेव्हा आम्ही कोण झालो? हे प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो.

आमचं गाव मांजरेच्या काठी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. वर हैदराबादेत निजाम मीर उस्मान अली, कचेरीत उर्दू. पण गावात सत्ता कुणाची? पाटलाची, कुलकर्ण्याची, देशमुखाची. निजामाला सारा पाहिजे होता, वतनदार तो वसूल करून देत होते. राज्य मुसलमानाचं म्हणतात, पण आमच्या बापजाद्यांच्या पाठीवर पडणारा कोरडा गावच्या वतनदाराचाच होता.

आणि गावातला मुसलमान म्हणजे काही नवाब नव्हे. मुलाणी, तांबोळी, पिंजारी, आतार. मुलाण्यानं बकरं हलाल करायचं आणि खळ्यावर जाऊन बलुतं मागायचं. तोही गावकीच्या दाव्याला बांधलेला. फरक एवढाच की तो आडावर चढत होता, आम्ही नाही. 1927 साली महाडला तरी दुसरं काय होतं? चवदार तळ्यावर मुसलमानाला मज्जाव नव्हता, अस्पृश्याला होता.

आमची म्हातारी माणसं अभिमानानं सांगत, बिदरच्या बादशहानं महाराला बावन्न हक्कांची सनद दिली. हक्क कसले? मेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड, दारोदारची शिळी भाकरी. त्याच्या बदल्यात वेस राखायची, सारा पोचवायचा, मयताचा सांगावा न्यायचा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल आणलं ते हीच गुलामी मोडायला. बादशहा मुसलमान, पाटील हिंदू, सनद दोघांनाही मान्य. आमच्या गुलामीवर त्यांचं कधी भांडण झालं नाही.

मोहरमचं बघा. अख्खा गाव डोल्यांपुढं चालायचा. पाटील फकीर व्हायचा, नवस बोलायचा. एकी होती, खरीच होती. मशाल आमच्या आज्ज्याच्या हातात, हलगी मांगवाड्याची. उजेड आमचा, वाजप आमचं, आणि प्रसादाची वेळ आली की वरून टाकलेला मलिदा पदरात झेलायचा. आजी हे हसत सांगायची. मला हसू येत नाही.

1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. रमजानचे दिवस. वाटेची धूळ अंगावर, म्हणून हौदाच्या पाण्यानं हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, ढेडांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारलं, आम्ही मुसलमान झालो तरी अडवाल का? जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला बघू दिला, पण पाण्याला शिवू नये म्हणून शिपाई संगती देऊन. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्य, हे त्यांनी त्या दिवशी ताडलं.

पुढं बहादूर यार जंगच्या तबलीगची माणसं आली. आमच्या वाड्यातली तीन घरं दीनदार झाली. मागोमाग आर्य समाजवाले शुद्धी करायला आले. दोघांनाही आमची डोकी मोजायची होती. आडावर आमची घागर दोघांनीही टेकवली नाही.

मग रझाकार. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. त्यांनी गावं लुटली, माणसं मारली. आमच्यातलेही काही त्यांच्या बाजूला गेले, हे लपवायचं नाही. आपला बी. एस. व्यंकटराव लायक अलीच्या मंत्रिमंडळात होता. बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर 1947 मध्येच निक्षून सांगितलं होतं, निजामाच्या मागं जाऊ नका.

13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. त्यानंतर जे झालं ते मुक्तिदिनाच्या भाषणात नसतं. सुंदरलाल समितीनं लिहिलं, किमान 27 ते 40 हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला झळ सगळ्यात जास्त. हा अहवाल 2013 साली लोकांना बघायला मिळाला!

आमच्या गावात मुलाण्याच्या घरातले बापई मारले. मारणाऱ्यांत मोहरमचे फकीर होते. महारवाडाही रझाकारांना सामील म्हणून दोन घरं पेटवली. आणि संध्याकाळी पाटलाचा हुकूम आला, महारांनी मढी ओढावीत. ज्या मशालीनं डोल्यांपुढं उजेड धरला तीच हातात घेऊन आज्ज्यानं मुलाण्याची प्रेतं ओढली. सनदेतलंच काम.

अजून एक गोष्ट लिहितो, लिहिताना हात जड होतो. त्या रात्री आमच्या घरात तांब्याचा एक हंडा आला. आजी मरेपर्यंत त्यात पाणी भरायची आणि म्हणायची, 'ह्यो मुलाण्याचा हाय, इसरू नका.' परत द्यायला त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं की खेडं म्हणजे अज्ञानाचं आणि जातीयवादाचं डबकं आहे. विद्वानांना राग आला. आमच्या आजीला आला नसता.

आजही तणाव झाला की दोन्हीकडून निरोप येतात. एक म्हणतो तू हिंदूच, ये पुढं. दुसरा म्हणतो आपण दोघंही मार खाणारे, ये मागं. पोरांनो, निरोप्याला आधी विचारा : आडावर काय ठरलं होतं? 1978 ला नामांतराच्या वेळी आमची घरं पेटली तेव्हा कोण धावलं? कुणाची सुपारी घेऊन कुणाच्या घरावर जाऊ नका. मार खाणाऱ्या मुलाण्याच्या दारात उभं राहा, पण आपल्या पायावर आणि बरोबरीनं. मशालजी म्हणून नको.

आणि वाड्यातलं म्हातारं माणूस मरायच्या आत त्याला विचारून लिहून घ्या. आपल्या घरातला हंडासुद्धा लिहा. नाहीतर गावाचा इतिहास पाटील लिहील, आणि त्यात आपण नुसती वेस राखत उभे असू.

जयभीम.