प्रवराकाठचे तांबे

नाण्याआधी काय होते, या प्रश्नाला शालेय पुस्तकांत 'वस्तुविनिमय' असे एका शब्दाचे उत्तर असते. गाय दिली, धान्य घेतले. मग एके दिवशी नाणे अवतरले. या दोहोंमधला दीर्घ काळ धातूच्या तुकड्यांचा आहे. मेसोपोटेमियात चांदीची वळी तोडून तराजूत घालीत. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे इ.स.पू. 14व्या शतकात बुडालेल्या जहाजात सुमारे 10 टन तांब्याच्या लगडी होत्या. चीनमध्ये तर पुढे फावड्याच्या आकाराचीच नाणी झाली.

आपल्याकडे असे काही होते का? हा प्रश्न मनात घेऊन पाहावे तर दृष्टी अहिल्यानगर (2024 पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरेच्या खोऱ्यावर स्थिरावते. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली. सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये तेथे उत्खनन केले व या गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. दख्खनच्या काळ्या पाषाणात तांब्याचे खनिज नाही; ते दुरूनच येणार. रोजची कापाकापी गारगोटीसारख्या दगडांच्या पात्यांनी चाले. अशा समाजात एकाच घडणीच्या सहा कुऱ्हाडी म्हणजे केवळ हत्यारे नव्हेत; ती साठवलेली संपत्तीही आहे, यात मला शंका वाटत नाही.

पण संपत्ती म्हणजे पैसा नव्हे. येथेच आपली गफलत होते. कुऱ्हाड मोलाची होती, ती देऊन बैल मिळाला असेल, वितळवून तिची छिन्नीही झाली असेल. एवढ्याने ती चलन ठरत नाही. चलन म्हणण्यासाठी तिचे वजन एखाद्या ठरलेल्या मापाशी जुळले पाहिजे, आणि तसे ते अनेक ठिकाणी, पुन्हा पुन्हा जुळले पाहिजे. आकाराचे साम्य पुरेसे नाही. एकाच साच्याचे गणपती विकणाऱ्याला आपण टांकसाळीचा अधिकारी म्हणत नाही. ही वजनाची शिस्त आपल्याला दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी शिकवली. या गणितज्ञाने हजारो आहत नाणी तराजूत घातली आणि वापराने झिजून ती किती हलकी झाली यावरून त्यांच्या फिरण्याचा हिशोब मांडला. ठसा पाहण्याआधी वजन पाहावे, ही सोनाराची रीत त्यांनी इतिहासात आणली. त्या सोनाराचे मापही जुनेच: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. शतमान या प्राचीन चलनाच्या नावातच शंभर मापे आहेत, आणि ते माप गुंजेचे मानले जाते.

याच नदीच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला, 1974 मध्ये झुडपाच्या मुळाशी खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशा चार ओतीव मूर्ती मिळाल्या. चारींचे मिळून वजन 60 किलोंहून अधिक! त्यांचा काळ निर्विवाद नाही. देशपांडे, राव, साळी यांनी त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या, तर डी. पी. अग्रवाल यांनी त्यांतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका उपस्थित केली. त्या प्राचीन मानल्या तर एका गावाने साठ किलो धातू व्यवहारातून काढून घेतला आणि त्याचे प्राणी घडवले, असा अर्थ होतो. पुरातत्त्वाला जे मिळते ते बहुधा असे अडकून पडलेले तांबे. जे हातोहात फिरले ते पुनःपुन्हा मुशीत गेले. मोडीच्या दुकानात आजीचा हंडा तोलून दिलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

आणखी खाली नेवासे. तेथे ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी मिळाले. ते ओवलेला धागा रेशमाचा, त्यात कापसाचाही अंश, असा निष्कर्ष तपासणीत निघाला. एवढ्या दुर्मीळ धातूचे मणी आईबापांनी मातीत ठेवले. त्याच नेवाशात, कित्येक शतकांनंतरच्या वरच्या थरांत, सातवाहनांची नाणी येतात. हे राजे शिसे आणि पोटीन या हलक्या धातूंचीही नाणी पाडीत, आणि ती घेणारा धातूपेक्षा राजाच्या ठशावर भरवसा ठेवून घेई.