तीन हयातींची गावे

वसईच्या किल्ल्याकडे आपण बहुधा १७३९ च्या बाजूने पाहतो. चिमाजी अप्पांच्या विजयाची ओळख मनात इतकी पक्की असते की, त्याआधीची दोनशे वर्षे म्हणजे एकसंध ‘पोर्तुगीज अंमल’ असे आपण गृहीत धरतो. त्या अंमलाच्या पोटात राजा आणि त्याचे सरदार यांच्यात चाललेली ओढाताण त्यामुळे दृष्टीआड राहते.

या ओढाताणीचे मूळ पोर्तुगालच्या उत्तरमध्ययुगात आहे. १३८५ साली गादीवर आलेल्या पहिल्या जुआंवने पाठीराख्यांना सढळ हाताने जमिनी दिल्या. त्याचा मुलगा दुआर्ति याने १४३४ साली कायदा केला : राजदत्त जमिनीची वाटणी होणार नाही, ती ज्येष्ठ औरस पुत्राकडेच जाईल, पुत्र नसल्यास राजाकडे परत येईल. हा विचार बापाच्या मनात होता, म्हणून त्याला ‘मानसिक कायदा’ असे नाव पडले. दान द्यावे, पण दोरी हातात ठेवावी, हे त्याचे मर्म.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या धास्तीने वसई पोर्तुगीजांना दिली. परगण्यांची जुनी घडी न मोडता त्यांनी तिच्यावर आपले फिदाल्गो, म्हणजे कुलीन सरदार, बसवले. गावे ठरावीक खंडाने, सामान्यतः तीन हयातींसाठी दिली जात. घोडा आणि शस्त्रे बाळगून संरक्षणास उभे राहणे ही धारकाची जबाबदारी. १५५४ साली सिमांव बोतेल्यु याने महसुलाची नोंदवही सिद्ध केली ती हाच हिशेब राजाच्या हाती राहावा म्हणून. मात्र मायदेशीचा नियम इथे सैल झाला. पोर्तुगीजाशी विवाह करण्याच्या अटीवर मुलींनाही गावे मिळू लागली. समुद्रापार माणसे टिकवायची तर राजाला दोरी ढिली सोडणे भाग होते.

१५८० नंतर राजाच बदलला. स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा झाला. १५८१ मध्ये तोमार येथे त्याने पोर्तुगालचे कायदे आणि अधिकारपदे अबाधित राखण्याचे वचन दिले. मस्तक एक, मुकुट दोन, अशी ही रचना १६४० पर्यंत टिकली. वसईच्या धारकाला त्यातून एवढेच उमगले असावे की राजे बदलतात, पट्टा राहतो.

या समजुतीची कसोटी मुंबईत लागली. १६६१ च्या तहाने राजकन्या कातारिनाच्या हुंड्यात वसईच्या अखत्यारीतले मुंबई बेट इंग्लंडला देण्याचे ठरले. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रजांना १६६२ साली व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु द कास्त्रु याने नकार दिला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी बेटाची धारक दोना इनेस द मिरांदा हिच्याच वाड्यात हस्तांतर झाले. राजाच्या शब्दाला गोव्याने तीन वर्षे थोपवून धरले होते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जी सावधगिरी आहे, तिच्यामागे हीच चिंता आहे : दिलेले वतन कालांतराने देणाऱ्यालाच जुमानीनासे होते. फरक भाषेचा आणि धर्माचा आहे. पेच तोच आहे. आणि दोन्हीकडे एक साम्य आणखी दिसते. राजा आणि सरदार ज्यावर भांडत होते, ती भातखाचरे कसणाऱ्या कुळांचा शब्द या व्यवहारात कुठेच विचारला गेला नाही. वसईचा इतिहास लिहिताना आपण तरी तो विचारायला हवा.