यादीतील नाव
१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी मतदारांची यादी सिद्ध झाली. परंतु ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगून स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रिया तीतून वगळल्या गेल्या. पुढे १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि सेक्टर २ सारख्या वसाहतींत परप्रांतीय कुटुंबे नांदू लागली. १९५० चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो की, गावी केवळ घर असल्याने मनुष्य तेथील मतदार ठरत नाही. आणि दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. म्हणून नव्या शेजाऱ्यास येथील यादीची आठवण देणे आम्ही शेजारधर्मच मानतो. गृहिणीचे नाव मात्र तिच्याच मुखाने विचारावे.