मंडणगड : जमीन आणि माणसं

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला आमचा मंडणगड तालुका. उत्तरेला सावित्री नदी व बाणकोटची खाडी, पलीकडे रायगड जिल्हा. मंडणगड हे तालुक्याचं छोटं गाव किल्ल्याच्या डोंगराखाली वसलेलं आहे. डॉ. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे.

जमीन जांभ्या दगडाची, उताराची. पाऊस धो धो पडतो, पण पाणी ठरत नाही. वैशाखात विहिरी तळाला जातात. खाचरात भात, वरकसावर नाचणी-वरी. तेवढ्यावर वर्षभर पोट भरेना, म्हणून बापये मुंबईच्या गिरण्यांत आले आणि बाया गावी राहिल्या.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया भरल्या. काहीजण म्हणतात, कोकणात मुलींना मान फार! तसं नव्हे, बंधूंनो. सहा वर्षांखालच्या मुलांत मुली कमीच आहेत. मोठे पुरुष गावी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

१९८२ चा संप झाला, पुढे गिरण्याही बंद पडल्या. तरी गावं भरली नाहीत. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ ला १६,१५,०६९ झाली. कमी झालेल्या त्या एक्याऐंशी हजारांत आमचीही घरं आहेत.

म्हणून तरुणांना सांगणं एकच : सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या वाडीतली उघडी घरं किती, बंद किती, हे वहीत लिहून आणा. आमचा इतिहास आम्हीच मोजला पाहिजे.