मॉस्कोच्या गल्लीतून अंतराळात

१९५०च्या दशकात सोव्हिएत डॉक्टर व्लादिमीर याझ्दोव्स्की यांच्या चमूने अंतराळात पाठवण्यासाठी मॉस्कोच्या रस्त्यांवरची भटकी कुत्री धरून आणली. थंडी-उपासमार सोसलेली जनावरं काटक, हा हिशेब. बहुतेकदा जोडीने उडवत, म्हणजे एकीच्या नोंदी दुसरीशी ताडता येत.

उड्डाणाआधीच्या तालमीचा वेळ हळूहळू वाढवत नेत: अरुंद पिंजऱ्यात आधी काही तास, मग कित्येक दिवस. अंगाला पट्टे, मागे मलमूत्राची पिशवी; ती माद्यांनाच नीट बसे. खाणंही जेलीसारखं. क्रूरच म्हणायचं हे. १९५७ मध्ये अंतराळात एकट्या गेलेल्या लायका या कुत्रीच्या तर परतीची सोयच नव्हती.

१९ ऑगस्ट १९६० रोजी बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या अंतराळात झेपावल्या. दुसऱ्या दिवशी जिवंत परतल्या. स्त्रेल्काला पुढे सहा पिल्लं झाली. त्यातली पुशिंका सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला भेट दिली.